चाळीस सेकंदांचं कलम

सोमवार, २ मार्च

१. सकाळी दहा वाजता समितीच्या चाचणी-खोलीत कलम १४ ची तपासणी सुरू झाली.
२. टेबलावर टीव्हीला जोडलेले दोन बॉक्स होते. डाव्या बॉक्समधलं सॉफ्टवेअर माझं. उजव्यातलं दुसऱ्या कंपनीच्या इंजिनीअरचं.
३. ठरलेल्या तपासण्या सव्वीस. दोन्ही बॉक्स सव्वीसच्या सव्वीस पास झाले.
४. टाळ्या वाजल्या.
५. मग अध्यक्षबाईंनी रिमोट स्वतः घेतला. प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लावला, पडद्यावरच्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट भरलं, मध्येच दुसरं चॅनल लावलं, परत आल्या. ही तपासणी यादीत नव्हती.
६. अर्धवट उत्तर दोन्ही बॉक्सनी जपून ठेवलं होतं. बाईंनी पुन्हा केलं, या वेळी घड्याळ लावून. दोन्ही बॉक्सनी ते बरोबर चाळीस सेकंदांनी पुसलं.
७. कलम १४ मध्ये याविषयी एक अक्षर नाही. चाळीस हा आकडा अख्ख्या मानकात पानांच्या क्रमांकाशिवाय कुठेही नाही.
८. बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
९. बिस्किटांची बशी कुणीतरी पुन्हा झाकून ठेवली.

मंगळवार, ३ मार्च

पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात घोळत राहणार नाही.

टीव्हीवर कार्यक्रम चालू असताना पडद्यावर प्रश्न येतो आणि बघणारा घरबसल्या रिमोटने उत्तर देतो. आज हे प्रत्येक कंपनीच्या बॉक्सवर वेगळ्या पद्धतीने चालतं आणि एकीचं दुसरीला चालत नाही. खुलं मानक म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेली एकच नियमावली. ती कुणीही वाचावी आणि तिच्यावरून कुणीही बॉक्स बनवावा. त्यातलं कलम १४ रिमोटविषयीचं आहे. ते मी लिहिलं. दोन वर्षं लागली.

समितीची पद्धत अशी की कलम कागदावर कितीही सुबक दिसो, दोन माणसांनी वेगवेगळं बसून, नुसता कागद वाचून, दोन बॉक्स बनवायचे. दोन्ही सारखे वागले तरच कलम पक्कं. तोवर त्या दोघांनी त्या विषयावर आपसांत बोलायचं नाही. शंका आली तर समितीच्या इंटरनेटवरच्या खुल्या फलकावर लिहायची, म्हणजे ती सगळ्या जगाला वाचता येते.

तो इंजिनीअर आणि मी हा नियम अकरा महिने पाळत आलो आहोत. दोन्ही कंपन्यांची कार्यालयं एकाच मजल्यावर, पॅसेजच्या दोन बाजूंना, म्हणून आमच्याकडे त्याला ‘पलीकडचा’ म्हणतात. लिफ्टमध्ये एकत्र सापडलो की तो छताकडे बघतो, मी बटणांकडे. एकदा लिफ्ट नऊ मिनिटं अडकली होती. तेव्हा तो “पंखा चालू आहे” एवढंच म्हणाला. पंखा कलम १४ मध्ये येत नाही, म्हणून मी “हो” म्हटलं. (निळा शर्ट.)

आता समितीचं म्हणणं असं: कागदात नसलेला आकडा दोन्ही बॉक्समध्ये आला, म्हणजे दोघं बोलले. सोळा तारखेपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर कलम १४ वगळलं जाईल. वगळलं तर प्रत्येक कंपनी आपापलं कुलूप लावून बसेल, आणि ज्याला तीन चॅनलांवर उत्तरं द्यायची आहेत त्याच्या घरात तीन बॉक्स आणि तीन रिमोट येतील. माझी दोन वर्षं जातील ती वेगळीच.

मी माझी नोंदवही काढली. चाळीस कुठून आला ते तिच्यात स्पष्ट आहे: “दर्शक क्र. १ उत्तर अर्धवट टाकून चॅनल बदलते व परत येते. परत येईपर्यंत उत्तर पुसलेलं असतं अशी तक्रार. अकरा वेळा मोजलं: ३१ ते ३८ सेकंद. वर दोन सेकंदांची सूट. एकूण ४०.” खाली आणखी एक ओळ: “याच सुमारास बाबा पाणी प्यायला हॉलमध्ये आले. चाचणीशी संबंध नाही.”

दर्शक क्र. १ म्हणजे माझी आत्या. माझा चाचणीचा बॉक्स आमच्याच हॉलमध्ये आहे.

माझा आकडा प्रामाणिक आहे. त्याचा कुठून आला?

दुपारी फलकावर प्रश्न क्र. २१२ टाकला: “चाळीस सेकंद हा आकडा आपण कशावरून घेतला?”

एकोणीस मिनिटांत उत्तर आलं: “एका दर्शकाच्या तक्रारीवरून. नाव न सांगण्याचा शब्द दिला आहे. आपण?”

मी लिहिलं: “एका दर्शकाच्या तक्रारीवरून.”

त्याखाली कुणा तिसऱ्याच सभासदाने लिहिलं: “पत्रिका छापल्या का?” अध्यक्षबाईंनी ते नऊ मिनिटांत काढून टाकलं. तोवर आमच्या साहेबांनी वाचलं होतं.

गुरुवार, ५ मार्च

साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट नाहीत, पण काळजीत असले की प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात.

“तू त्याच्याशी बोललीस? नाही, तू कशाला बोलशील. तू आमच्याशीच बोलत नाहीस. मग हे झालं कसं? योगायोग म्हणायचा? योगायोग म्हटलं तर बाई आपल्याला उभं करणार नाहीत. खरं ना?”

मी “खरं” म्हटलं. संपूर्ण भेटीत माझा वाटा एवढाच.

डोकं दुखत होतं म्हणून आज चार वाजताच घरी आले. आत्या तिच्या खोलीत फोनवर होती. दार लोटलेलं.

“अहो, मग तसंच लिहा ना... नाही नाही, बटण कुठलंय ते मला आता पाठ झालंय... तुमचा आवाज बसलाय का? गरम पाणी घ्या. आणि जेवण वेळेवर. बरं, पुढच्या गुरुवारी.”

“कुणाशी बोलत होतीस?” मी विचारलं.

“दातांच्या डॉक्टरांशी,” आत्या म्हणाली.

तिच्या दातांना काय झालंय ते एकदा विचारायला हवं. विणकामाच्या पिशवीतून एक रिमोट डोकावत होता, आमचा नव्हे. विचारलं तर म्हणाली, “जुना आहे गं, सुया अडकवायला बरा पडतो.”

शनिवार, ७ मार्च

सुट्टी. सकाळी टीव्हीमागची धूळ काढायला घेतली आणि केबल मोजल्या. तीन असायला हव्यात. चार होत्या.

चौथीवर पिवळ्या पट्टीची गाठ होती. तशी गाठ जगात एकच माणूस मारतो. बाबांनी चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर दुकान बंद केलं आणि मागची खोली दुकानासारखी केली. केबलच्या मागोमाग गेले तर ती टीव्हीखालच्या कपाटात, लोकरीच्या गुंड्यांच्या पाठीमागे शिरत होती. तिथे एक बॉक्स होता. त्यावर चिकटवलं होतं: “चाचणीसाठी. परत करावयाचा.” आणि खाली पलीकडच्या कंपनीचं नाव.

मी पाच मिनिटं जमिनीवरच बसून राहिले. मग आत्याला हाक मारली. झालेलं बोलणं आठवतं तसं लिहिते.

“हे काय आहे?”

“बॉक्स.”

“कुणाचा?”

“तुला वाचता येतं की.”

“आत्या, तू दोन्हीकडे दर्शक आहेस?”

“मग? नियम आहे का नसावं असा? मी अर्ज वाचून भरलाय. ‘कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे नातेवाईक नसावेत’ असं लिहिलं होतं. त्यांच्या कंपनीत माझं कोण आहे?”

मी विचारलं, “पण कशाला? एक बॉक्स होता ना घरात?”

ती गुंडी हातात घेऊन बसली. “तू घड्याळ घेऊन बसतेस. दाबलं, सोडलं, किती वेळ झाला, लिहिलं, संपलं. तो दर गुरुवारी फोन करतो आणि विचारतो, चॅनल का बदललंत? कंटाळा आला का? प्रश्न अवघड होता का? मला गेल्या दहा वर्षांत इतकं कुणी विचारलं नाही.”

“मग तू काय सांगितलंस?”

“ते त्याला सांगितलंय.”

“आत्या!”

“ओरडू नकोस, दादा ऐकेल.” ती मागच्या खोलीच्या दिशेने बघून कुजबुजली. “दादामुळे. प्रश्नमंजुषा लागली की तो नेमका पाणी प्यायला येतो. मग मी बातम्या लावते. तो गेला की परत येते, तर तुझ्या त्या डब्याने सगळं पुसलेलं!”

कारण असं आहे: पहिल्याच आठवड्यात तिने देवमासा मासा आहे असं उत्तर दिलं आणि बाबांनी पाहिलं. ते चार दिवस तिला ‘प्राध्यापिका’ म्हणत होते. पाहुण्यांसमोरसुद्धा. तेव्हापासून ती चोरून खेळते. दिवसा त्याच्या बॉक्सवर, संध्याकाळी माझ्या. आणि दोन्हीकडे तीच तक्रार.

“आणि ही केबल बाबांकडूनच जोडून घेतलीस?”

“मला कुठे येतं ते. बातम्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून आहे असं सांगितलं.”

आम्ही दोघं अकरा महिने लिफ्टमध्ये तोंड शिवून उभे राहिलो. दोन कंपन्या, दोन बॉक्स, दोन नोंदवह्या, सगळं वेगळं ठेवलं. दर्शक वेगळा आहे का, हे कुणीच पाहिलं नाही.

सोमवार, ९ मार्च

अध्यक्षबाईंनी आम्हा दोघांना एकत्र बोलावलं. त्या गरम पाणी पितात आणि माणसांकडे परिशिष्टाकडे बघावं तसं बघतात. मी शनिवारचा प्रकार क्रमवार सांगितला. त्याने मान डोलावली आणि आपली फाइल उघडून दाखवली. तारखा जुळत होत्या आणि आकडाही: त्याच्या बॉक्सच्या नोंदीत सगळ्यांत लांब खंड ३८ सेकंदांचा, वर दोनची सूट.

बाईंनी तारखा स्वतः पुन्हा ताडून पाहिल्या. मग म्हणाल्या, “एकच बाई दोघांना सापडली, हे नियमात नाही. म्हणजे नियमभंग नाही. पण माझ्या शब्दावर समिती मानणार नाही. त्या दर्शकाचं लेखी निवेदन हवं. चाळीस सेकंद का, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत फलकावर लिहायचं. सोळा तारीख बदलणार नाही.”

उठताना पलीकडचा मला म्हणाला, “आत्यांच्या गुडघ्याची पट्टी मिळाली का?”

बाईंनी कप खाली ठेवला. मी सांगितलं की हा विषय कलम १४ च्या बाहेरचा आहे. मग “हो” म्हटलं.

आत्या गुडघ्याला पट्टी लावते हे मला त्याच्या प्रश्नातून कळलं. त्याच्या फाइलमध्ये तिच्याविषयी चौदा पानं आहेत. माझ्या वहीत अकरा आकडे आहेत.

मंगळवार, १० मार्च

आत्या नाही म्हणाली.

“चार ओळी लिही. नाव घालू नकोस. ‘दर्शक क्र. १’ एवढंच.”

“दादा तो तुमचा फलक रोज सकाळी वाचतो. भिंग लावून. तुझं नाव कुठे आलं की ते पान छापून पेन्सिलने खूण करतो. त्याला दर्शक क्रमांक एक कोण हे ओळखायला काय शास्त्रज्ञ लागतोय?”

बाबा फलक वाचतात हे मला माहीत नव्हतं.

“माझी दोन वर्षं जातील, आत्या.”

“आणि माझी उरलेली सगळी वर्षं हा मला प्राध्यापिका म्हणेल, त्याचं काय?” ती म्हणाली. मग जरा नरमली. “तू म्हणशील ते दुसरं काहीही करते. पोरी, हे मात्र सांगू नकोस.”

बुधवार, ११ मार्च

निवेदन मिळत नसेल तर मोजमापाचा पुरावा द्यावा असं ठरवलं. रजा टाकली आणि हॉलच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले. मोजायचं ते बाबांना. आत्याला नव्हे.

आत्या टीव्हीसमोर असताना बाबांचा हॉलमधला मुक्काम: ३३, ३५, ३२, ३६ सेकंद. प्रत्येक वेळी क्रम तोच. आत येतात, पाणी ओततात, उभ्यानेच पितात, बातम्यांविषयी एक वाक्य बोलतात (“हे अजून संपलं नाही वाटतं”), जातात.

तुलनेसाठी दुपारी आत्याला शेजारी पाठवलं. ती नसताना: ४ मिनिटं १० सेकंद, ७ मिनिटं, ६ मिनिटं २० सेकंद. खुर्चीवर बसतात, पेपर चाळतात, एकदा डुलकीसुद्धा काढली. पाणी एकदाही प्यायले नाहीत.

तफावतीचं कारण कळत नाही. खोलीतल्या तापमानाचा परिणाम असू शकेल.

आणखी एक निरीक्षण. हॉलमध्ये येण्याआधी दाराशी त्यांना खोकला येतो. कोरडा, दोनदा, मग तीन-चार सेकंद थांबून आत. आत्या नसताना खोकला नाही.

शुक्रवार, १३ मार्च

बाबांसाठी खोकल्याचं औषध आणलं.

“मला? कशाला?”

“तुम्हाला खोकला आहे. कोरडा. विशेषतः संध्याकाळी.”

त्यांनी बाटलीवरचं लेबल वाचलं. मग म्हणाले, “इंजिनीअर, तू फार हुशार आहेस हो,” आणि बाटली घेऊन मागच्या खोलीत गेले. मी त्या वाक्याचा अर्थ लावत बसले. हसत होते असं वाटलं, पण त्यांची पाठ होती.

मुदतीला तीन दिवस. कलम वगळल्याचं पत्र कसं असेल याचा मसुदा मनात तयार होतोय. थांबवता येत नाही.

रविवार, १५ मार्च

सकाळी फलकावर क्र. २१९ आला. जसाच्या तसा उतरवते.

“अध्यक्षांस. मी समितीचा सभासद नाही. पण मानक खुलं आहे आणि कुणीही लिहावं असं पहिल्याच पानावर छापलंय, म्हणून लिहितो. मी निवृत्त टीव्ही दुरुस्ती कारागीर आहे. आपण ज्या चाळीस सेकंदांचा शोध घेत आहात ते माझे आहेत.

माझ्या घरात एक व्यक्ती प्रश्नमंजुषा खेळते. मी एकदा तिची चेष्टा केली आणि ती जरा जास्तच झाली. तेव्हापासून ती मला दिसू देत नाही. मला दिवसभर मागच्या खोलीत बसवत नाही आणि माणसांत यावंसं वाटतं. म्हणून मी दाराशी खोकतो, तिला चॅनल बदलायला वेळ मिळतो, मग आत जातो, पाणी पितो आणि तिचा प्रश्न हुकायच्या आत बाहेर पडतो. मला इतकी तहान नाही. दुसरा बॉक्स मीच जोडला. बातम्यांसाठी नाही हे तारा बघून कळतं.

दोन्ही इंजिनीअरांनी प्रामाणिकपणे मोजलं आहे. पण त्यांनी जे मोजलं ते बॉक्सचं नाही, माझं आहे. उद्या माझा पाय दुखला तर साठ सेकंद होतील. कुणाच्या घरी दारावर पाहुणे येतील, कुणाचं दूध उतू जाईल. इतक्या घरांत मी कसा पुरणार? एका माणसाच्या पाणी पिण्यावरून सगळ्यांसाठी आकडा ठरवू नये.”

मी ते दोनदा वाचलं. मग बुधवारचं पान उघडलं. तापमानाचं वाक्य खोडलं नाही. नोंद ही नोंद असते.

आत्यापासून लपवून उपयोग नव्हता, म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं. ‘मला इतकी तहान नाही’ इथे तिने चष्मा काढला. संपल्यावर म्हणाली, “बघ, दारावर पाहुणे म्हणे. आमच्याकडे शेवटचं कोण आलं होतं, आठवतंय का त्याला?” आणि उठून हॉलमध्ये गेली.

संध्याकाळी प्रश्नमंजुषा लागली. दाराशी खोकला आला. आत्याने चॅनल बदललं नाही.

बाबा आत आले आणि थबकले. पडद्यावर प्रश्न होता, चार पर्यायांचा.

“ये, बस,” आत्या म्हणाली. “उगीच पाणी पिऊन पिऊन फुगशील.”

बाबा बसले. भिंग काढून प्रश्न वाचला, विचार केला, म्हणाले, “छोटे, ब दाब.”

तिने ब दाबलं. चुकलं.

जेवताना आत्याने तो विषय दोनदा काढला. तिसऱ्यांदा मी काढला.

सोमवार, १६ मार्च

आज समितीला दिलेल्या पत्राची प्रत.

“अध्यक्षांस,

कलम १४ विषयीचा खुलासा.

आमच्या बॉक्समधला चाळीस सेकंदांचा आकडा मी एका दर्शकाला मोजून ठरवला. दुसऱ्या इंजिनीअरनेही त्याच दर्शकावरून ठरवला. ही दर्शक दोघांकडे आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आम्ही आपसांत बोललो नाही. लिफ्टमधला एक संवाद झाला होता. तो पंख्याविषयी होता.

फलकावरील क्र. २१९ चे लेखक माझे वडील आहेत. त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मी किती वेळ ते मोजलं. का, ते विचारलं नाही. कलमात ही जागा रिकामी राहिली ती त्यामुळेच, आणि ते कलम मी लिहिलेलं आहे.

चाळीस सेकंद मी मागे घेते. त्याऐवजी कलमात पुढील वाक्य घालावं: ‘दर्शकाने अर्धवट भरलेलं उत्तर, त्या प्रश्नाची वेळ संपेपर्यंत किंवा दर्शक स्वतः ते पुसेपर्यंत, बॉक्सने जपून ठेवावं.’ हे वाक्य मंजूर झालं तर माझा आजचा बॉक्स नापास होतो, याची मला कल्पना आहे. त्याचाही होतो.

दर्शक क्र. १ यांनी दोनपैकी एकच चाचणी ठेवावी, अशी विनंती मी त्यांना काल केली. त्यांनी दुसऱ्या कंपनीची ठेवली. कारण विचारलं. त्यांनी सांगितलं. ते बरोबर आहे. मी नवा दर्शक शोधत आहे, आणि या वेळी वहीच्या पहिल्या रकान्यात वेळ नाही, ‘का’ असेल.

माझी विनंती एवढीच की कलम १४ आजच्या बैठकीत वगळू नये. नव्या वाक्यासह दोन्ही बॉक्सची पुन्हा चाचणी घ्यावी. मला त्यासाठी चार आठवडे पुरतील. त्याला किती लागतील हे मला माहीत नाही, कारण विचारता येत नाही.

कलम राहतं की जातं, आणि राहत असेल तर चाचणी कोणत्या दिवशी, हे सोमवार, २३ मार्चपर्यंत लेखी कळवावं.”